प्रशिक्षण म्हणजे पैशाचा चुराडा नव्हे

एकांनी म्हटलंय की महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाच्या, म्हणजे विधिमंडळाचं कामकाज सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च कशाला, आधी आमदार सुधारा. मला हे अजिबात पटत नाही.

विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य. त्यांच्या तारांकित प्रश्नांची (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) छाननी नरिमन पॉइंटच्या विधान भवनात सचिवालयाचे कर्मचारीच करतात. प्रश्न नियमात बसतो का, कोणत्या विभागाचा, सारखे प्रश्न एकत्र करायचे का, हे सगळं तिथे बघितलं जातं. शब्दरचना ढिली राहिली की मंत्रालयातून 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो.

सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीत तर हे फारच जाणवतं. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, जाडजूड अहवाल वाचून विभागाच्या सचिवांना नेमकं काय विचारायचं, याची टिपणं कर्मचाऱ्यांनीच काढायची असतात. हिशेब उलगडता येणारं माणूस नसेल तर समितीपुढची सचिवांची साक्ष वरवरची होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १८७ मुळे विधानमंडळाचं हे सचिवालय सरकारपासून स्वतंत्र आहे. दिल्लीत संसदेची प्रशिक्षण संस्था १९७६ पासून आहे, तिथे लोक जरूर पाठवावेत. पण अधिवेशनांच्या मधल्या काळात मुंबईतच अर्थसंकल्प वाचन आणि विधेयकांचं विश्लेषण शिकवावं, आणि बढतीला ते जोडावं.