‘सब-रेसिपियंट’ला मराठीत काय म्हणावं? (आणि ‘फेडरल अवॉर्ड’ म्हणजे पुरस्कार का नव्हे)

रारितनकाठची
मंडळी, मदत हवी आहे. इथे न्यू जर्सीत आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं दुपारच्या जेवणाचं केंद्र चालतं. पैसा ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’चा, म्हणजे १९६५च्या कायद्याचा. वॉशिंग्टनहून राज्याकडे, राज्याकडून काउंटीच्या कार्यालयाकडे आणि तिथून आमच्याकडे. नव्या कार्यकारिणीत बहुतेक जण सत्तरीपुढचे आहेत. करारातल्या अटी त्यांना मराठीतून समजाव्यात म्हणून चार पानांचं टिपण करायला घेतलंय. आधी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, तर ‘फेडरल अवॉर्ड’चा, म्हणजे वॉशिंग्टनने मंजूर केलेल्या निधीचा, झाला ‘संघीय पुरस्कार’ आणि ‘स्टेट ओव्हरसाइट’ची, म्हणजे राज्याच्या देखरेखीची, झाली ‘राज्याची नजरचूक’. एका आजोबांनी वाचून विचारलं, समारंभ कधी आहे?
त्या दोन्हींचं मी बघून घेईन. अडलंय ते ‘सब-रेसिपियंट’ (वरून आलेला फेडरल पैसा घेऊन कार्यक्रम चालवणारे, म्हणजे आम्ही) आणि ‘पास-थ्रू एंटिटी’ (तो पैसा पुढे देणारे, म्हणजे राज्य आणि काउंटी) यांच्यापाशी. ‘उपप्राप्तकर्ता’ माझ्या तोंडून निघत नाही.

शब्दवेल्हाळ
सोपं आहे. रेसिपियंट म्हणजे ‘ग्राही’, सब-रेसिपियंट म्हणजे ‘उपग्राही’. पास-थ्रू एंटिटीला ‘संक्रामी संस्था’ म्हणा. अर्थ नेमका येतो आणि इंग्रजीची उसनवारीही टळते.

सावंतवाडीकर
‘संक्रामी संस्था’ वाचून म्हातारी माणसं मास्क लावून जेवायला येतील हो.
माझं मत विचाराल तर ‘मध्यस्थ संस्था’ म्हणा नि मोकळे व्हा.

कोलंबसचा कारकून
मी ओहायोत राज्य सरकारच्या एका खात्यात हेच काम करतो, म्हणून नाक खुपसतो. ‘मध्यस्थ’ नको. मध्यस्थ म्हटला की तो दोघांची गाठ घालून बाजूला होतो. पास-थ्रूला बाजूला होताच येत नाही. ‘आम्ही पैसा फक्त पुढे पाठवला’ असं राज्याला म्हणता येऊ नये, यासाठीच तर सगळी नियमावली आहे. ज्याला पैसा द्यायचा त्याची जोखीम आधी जोखायची, कराराबरोबर फेडरल अटी आणि योजनेचा क्रमांक लेखी द्यायचा, मधून मधून तपासणी करायची, त्यांच्या ऑडिटमध्ये काही निघालं तर त्यावर निर्णय द्यायचा. हे सगळं ‘२ सीएफआर २००’ या फेडरल नियमावलीच्या ३३२व्या कलमात आहे.
त्याच्या आधीचं ३३१वं कलम ताईंच्या कामाचं. त्यात सब-रेसिपियंट आणि कॉन्ट्रॅक्टर यांतला फरक आहे. काउंटीने कोणाकडून स्वयंपाकघरातलं सामान घेतलं तर तो कॉन्ट्रॅक्टर. माल दिला, बिल घेतलं, विषय संपला. पण कार्यक्रमासाठी कोण पात्र आहे हे जर तुम्ही ठरवत असाल, कार्यक्रम तुम्हीच चालवत असाल, तर तुम्ही सब-रेसिपियंट, आणि वॉशिंग्टनच्या अटी तुमच्या दारापर्यंत येतात. कराराच्या मथळ्यावर काय छापलंय त्याला महत्त्व नाही, व्यवहाराचं स्वरूप बघतात. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण त्यात ‘पुरवठादार’, ‘ठेकेदार’ यांची छटा नको.

जुना लेखापाल
नमस्कार. आयुष्य जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेलं. तुम्ही नवे शब्द का घडवताय, कळत नाही. आपल्याकडे केंद्राचा पैसा राज्यात येतोच की. केंद्र हिस्सा, राज्य हिस्सा, कार्यान्वयन यंत्रणा, आहरण व संवितरण अधिकारी, उपयोगिता प्रमाणपत्र. ६०:४०च्या योजना आम्ही याच शब्दांत चालवल्या. आमच्याकडे तुमचा सब-रेसिपियंट म्हणजे कार्यान्वयन यंत्रणा. घ्या आणि पुढे चला.

कोलंबसचा कारकून
काका, ‘आहरण’ मात्र मी आजच उचलला. आम्ही दिवसभर ‘ड्रॉडाउन’ ‘ड्रॉडाउन’ करत असतो, म्हणजे मंजूर पैसा काढून घेणं, त्याला नेमका बसतो. आणि तिथे तारखेला फार महत्त्व असतं. १९९०च्या कॅश मॅनेजमेंट कायद्यापासून नियम असा की राज्याने पैसा गरजेआधी काढून ठेवला तर फेडरल सरकारला व्याज द्यायचं, आणि राज्याने स्वतःचा पैसा आधी घातला व वॉशिंग्टनने उशीर केला तर व्याज राज्याला मिळायचं.
‘कार्यान्वयन यंत्रणा’ मात्र पटत नाही. यंत्रणा म्हटलं की सरकारचाच हात वाटतो. ताईंचं मंडळ स्वतंत्र संस्था आहे.

वाईची मास्तरीण
‘अनुदान’ शब्दाबद्दल कोणी बोलतच नाहीये. आमच्या पेशात या शब्दाने घरं चालली आणि बसलीही. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शासन निर्णयातून जावा म्हणून शिक्षक किती वर्षं आझाद मैदानात बसले, आठवतं का? तो गेला, मग २० टक्के, मग ४० टक्के. गॅसच्या सबसिडीलाही अनुदानच म्हणतात आणि शाळेच्या ग्रँटलाही. ज्येष्ठांना वाटेल जेवणाच्या ताटावर सबसिडी मिळते आहे, म्हणजे उरलेले पैसे आपण भरायचे.

रारितनकाठची
बाई, अगदी हाच घोळ इथे झालाय. या योजनेत साठीपुढच्या माणसाकडून जेवणाचे पैसे मागता येत नाहीत. कोणी राजीखुशीने दिले तर घ्यायचे, आणि तेही कार्यक्रम वाढवण्यासाठीच वापरायचे. आमच्या खजिनदारांनी मात्र ‘अनुदानित भोजन, उर्वरित रक्कम येथे भरावी’ अशी पाटी लावली होती. काउंटीच्या बाई तपासणीला येण्याआधी काढली.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच सबसिडीला ‘अर्थसाहाय्य’ आणि ग्रँटला ‘अनुदान’ असं काटेकोर बंधन हवं. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो याच काटेकोरपणासाठी. तेव्हा फारसी काढली, आज इंग्रजी काढायची एवढाच फरक.

सावंतवाडीकर
आणि त्या कोशातले किती शब्द आज तुमच्या तोंडी आहेत? तुमची जमीन, तुमचा दाखला, तुमची फिर्याद, तुमचा वकील, सगळे फारसी-अरबीच राहिले की. लोकांनी ठेवले म्हणून राहिले. अनुदानाला आमच्याकडे सरळ ‘खिरापत’ म्हणतात. खैरातीवरूनच आलाय तो.

शब्दवेल्हाळ
खिरापत ‘क्षीर’वरून. गणपतीपुढे वाटतात ती खैरात आहे का?

सावंतवाडीकर
खोबरं-साखरेत क्षीर कुठे दिसलं तुम्हाला?

वाईची मास्तरीण
व्युत्पत्ती काही असो, ‘खिरापत’ला विरोध. त्यात उपकार आहेत. सूत्राने मिळणारा पैसा हक्काचा असतो.

कोलंबसचा कारकून
सूत्राचा मुद्दा बाईंनी काढला ते बरं झालं, कारण टिपणात ‘राज्य अर्ज करतं’ असं सरसकट लिहिलंत तर चुकेल. दोन वेगळे रस्ते आहेत. एकात स्पर्धा: निधीची जाहीर सूचना निघते, ‘सॅम’ या फेडरल संकेतस्थळावर नोंदणी लागते, एसएफ-४२४ हा अर्ज भरायचा, मग गुण मिळतात आणि राज्याला चक्क ‘नाही’सुद्धा ऐकावं लागतं. दुसऱ्यात सूत्र: रक्कम काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायद्यात घातलेल्या हिशोबाने ठरते. ज्येष्ठांचा पैसा या दुसऱ्या रस्त्याने येतो, राज्यातल्या साठीपुढच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. तिथे राज्य दोन ते चार वर्षांचा ‘स्टेट प्लॅन’ सादर करतं. तो मंजूर व्हावा लागतो, पण कोणाशी चढाओढ नसते.

जुना लेखापाल
याला आम्ही ‘आराखडा’ म्हणतो. आरोग्य अभियानात प्रकल्प अंमलबजावणी आराखडा असतो. अर्थात बोलताना सगळे पीआयपीच म्हणतात, अगदी शिपायापासून.
आणि ‘ओव्हरसाइट’ला ‘सनियंत्रण’ घ्या. जिल्हा दक्षता व सनियंत्रण समिती प्रसिद्ध आहे.

शब्दवेल्हाळ
‘संनियंत्रण’! सम् + नियंत्रण. ‘सनियंत्रण’ म्हणजे नियंत्रणासह. सहकुटुंब म्हणतो तसं. एक अनुस्वार गाळून शासनाने शब्द मारला.

जुना लेखापाल
साहेब, त्या अनुस्वाराविना कोट्यवधींची देयकं पारित झाली. कोषागाराने एकही परत पाठवलं नाही.

शब्दवेल्हाळ
कोषागाराला व्याकरण येत नाही, हा युक्तिवाद झाला का?

रारितनकाठची
‘देखरेख’ लिहीन मी. पण सब-रेसिपियंट?

आजरेकर
इतके दिवस नुसतं वाचत होतो. ‘सब’ला आपल्याकडे ‘पोट’ आहे की. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटहिस्सा. ‘पोटअनुदानी’ म्हणा. जेवणाचाच कार्यक्रम आहे म्हटल्यावर तर दुधात साखर.

सावंतवाडीकर
वा! हा खरा मराठी शब्द.

वाईची मास्तरीण
पोटभाडेकरू म्हटलं की मूळ मालकाला न विचारता ठेवलेला माणूस डोळ्यापुढे येतो. पोटअनुदानी ऐकून कार्यकारिणीला वाटेल आपण लपूनछपून पैसे घेतोय. ‘दुय्यम निबंधक’ चालतो तर ‘दुय्यम अनुदानधारक’ का नको?

आजरेकर
दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा. माझ्या आजोबांची पोटहिस्स्याची जमीन होती, रीतसर सातबारा होता. पोटात काही वाईट नाही.

कोलंबसचा कारकून
‘पोटकंत्राटदारा’शी गल्लत होईल एवढीच भीती. ती गल्लत हसण्यावारी नेण्यासारखी नसते. मिसिसिपीत गरीब कुटुंबांसाठीचा टॅन्फचा पैसा कुठे कुठे गेला ते २०२० मध्ये उघड झालं. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल सभागृहापर्यंत पोचला होता. राज्याच्या ऑडिटमधला आकडा साधारण ७ कोटी ७० लाख डॉलरचा. त्यातला मोठा भाग सब-रेसिपियंट संस्थांमधून फिरला होता, आणि ज्या राज्य खात्याने त्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्याचाच प्रमुख त्यात होता.
ताई, एक विचारायचं राहिलं. मंडळाचा वर्षाचा एकूण फेडरल खर्च किती? सगळ्या फेडरल पैशाचं मिळून जे ‘सिंगल ऑडिट’ करावं लागतं, त्याची मर्यादा पूर्वी ७,५०,००० डॉलर होती. २०२४च्या सुधारणेनंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना १० लाख आहे. मोजताना सब-रेसिपियंट म्हणून खर्च केलेलं धरतात, कॉन्ट्रॅक्टर म्हणून कमावलेलं धरत नाहीत.

रारितनकाठची
आम्ही त्याच्या आसपाससुद्धा नाही हो, डाळीचे दर पाहून पोळ्या मोजतो आम्ही.

शब्दवेल्हाळ
विषय ‘अवॉर्ड’चा होता. यंत्राने ‘पुरस्कार’ लिहिलं यात मला तर मूळची चूक दिसत नाही. पुरस् + कृ, पुढे करणे, पाठिंबा देणे. ‘स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला’ म्हणतो तेव्हा बक्षीस असतं का? ‘केंद्र पुरस्कृत योजना’ म्हणतो तेव्हा?

जुना लेखापाल
हे मात्र बरोबर. पक्षपुरस्कृत अपक्ष उमेदवारालाही कोणी ट्रॉफी देत नाही.

सावंतवाडीकर
म्हणजे ‘संघीय पुरस्कार’ बरोबरच होता? आणि ‘संघीय’ म्हणजे कुठल्या संघाचा? आमच्याकडे दूध संघाचा वाटेल.

वाईची मास्तरीण
फेडरलच ठेवा हो. न्यू जर्सीतल्या आजोबांना फेडरल टॅक्स माहीत आहे, संघीय कर नाही.

शब्दवेल्हाळ
मग ज्येष्ठ नागरिक मंडळालाही ‘सीनियर सिटिझन क्लब’ म्हणा!

आजरेकर
म्हणतातच की लोक.

रारितनकाठची
तूर्त ‘सब-रेसिपियंट’ देवनागरीत ठेवते आणि खाली दोन ओळींत लिहिते: हा पैसा आपण काउंटीला विकलेल्या कशाचं बिल नाही, त्याच्या फेडरल अटी आपल्यालाही लागू आहेत. सोमवारी छापायला द्यायचंय.

शब्दवेल्हाळ
‘उपग्राही’ कंसात तरी घाला.

सावंतवाडीकर
ताई, घालू नका. आणि वेल्हाळ, खिरापतीचं उत्तर अजून आलेलं नाही.