वरुडकडच्या गावात छोटा रीफ टँक लावायचा आहे, सल्ला हवा

मृगबहार
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात राहतो, संत्र्याची बाग आहे. गोड्या पाण्याचे टँक बऱ्याच वर्षांपासून सांभाळतोय, गप्पीपासून एंजलपर्यंत. आता खाऱ्या पाण्याचा छोटा रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचा टँक, डोक्यात बसलाय. एक फुटाचा नॅनो टँक पाहून ठेवला आहे. घर स्लॅबचं, पाणी बोअरचं, घरात साधा आरओ आणि इन्व्हर्टर आहे. लाइन जाते, ते वेगळं सांगत नाही. चिलर (पाणी थंड करणारं मशीन) घ्यावाच लागतो का? आरओचं पाणी चालेल का? आणि मासे कोणते? मुलीने क्लाउनफिशचं आधीच ठरवून टाकलंय.

धंतोलीवाला
भाऊ, नॅनोचा नाद सोडा. दोन बाय दीड बाय दीड फुटाचा टँक घ्या. काठोकाठ सुमारे १२७ लिटर बसतं, दगड-वाळू जाऊन शंभरेक लिटर पाणी उरतं. पाणी जास्त असलं की सावकाश तापतं, आणि आपल्याकडे सगळा प्रश्न तापण्याचाच आहे. रीफला २४ ते २७ अंश लागतात. स्लॅबच्या घरात दुपारी चारला मोजून समाधान मानू नका. रात्री नऊ-दहाला स्लॅब दिवसभराची धग खाली सोडतो, तेव्हा मोजा.

पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, कूलरचंच तत्त्व. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. पण त्याच खोलीत दारं लावून कूलर चालवलात तर हवा आधीच दमट होते आणि पंख्याचा जोर कमी पडतो. जूनअखेर पाऊस पडून उघडीप झाली की तेच. तेव्हा नडतं ते मेपेक्षा जास्त. चिलरची खरी गरज त्या दिवसांत कळते.

पंख्याची दुसरी बाजू अशी, की पाणी उडतं पण मीठ मागे राहतं. उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर सहज कमी होतं. काचेवर टेपने रेघ मारून ठेवा आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडं, शुद्ध पाणी भरा. खारं नाही! खारं भरत गेलात तर क्षारता चढत जाते.

माझं मत विचाराल तर आत्ता मीठ, लाइट, मासे काहीच घेऊ नका. टँक आणि पंखा घ्या, साधं पाणी भरा आणि एक उन्हाळा काढा. २८ च्या आत राहिलं तर पुढचा खर्च.

दर्यापूरचा_भौ
आमच्या इकडे बोअर मारली का खारंच पाणी लागते. मीठ काहून विकत घेता बाप्पा, दोन कॅन नेऊन टाका!

धंतोलीवाला
भौ, खारपाणपट्ट्याचं पाणी पिकाला नकोसं असलं तरी समुद्राच्या जवळपासही नाही. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शिवाय नुसतं खारट असून भागत नाही. लिटरला कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणून मरीन सॉल्टच घ्यायचं, रेड सी किंवा इन्स्टंट ओशन. स्वयंपाकाचं मीठ अजिबात नाही. घनता १.०२५ ते १.०२६, आणि ती रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) मोजायची.

मृगबहार, घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा व्हॉल्व्ह असतो. तो बंद करा आणि पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडा. आकडा शून्यावर यायला हवा.

तेलंगखेडी
एक उन्हाळा नुसतं पाणी बघत कोण बसतं? मी म्हणेन दिवाळीनंतर सुरू करा. सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढायला, चार ते सहा आठवडे लागतातच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा नाही. थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा १०० वॅटचा हीटर हवा. तो इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी खातो. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप) आणि एअर पंप. लाइन गेली की मासा आधी ऑक्सिजनविना मरतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी विरघळतो. चिलरचे पैसे मार्चपर्यंत जमवा. आणि खारं पाणी अन् वीज एका जागी आहेत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय प्लग लावू नका.

मोहर्लीचा
कोरलबद्दल कोणी बोललंच नाही. कठीण कोरल, समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराचं कोरल) आणि समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत. समुद्रातून काढलेला मेलेला कोरल दगडसुद्धा त्यात येतो. दुकानदार 'चालतं हो' म्हणतो, पण गुन्हा ठेवणाऱ्यावरही लागतो. सिरॅमिकचा कृत्रिम दगड घ्या. पुढेमागे झोअँथिड, मशरूम अशी कोरलची मऊ जात घ्यायची झाली तर बिल मागा आणि शंका असेल तर वनखात्यात विचारून घ्या.

क्लाउनफिश मात्र हॅचरीतला मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे यशस्वी केली आहे. तो मासा दाणा लगेच खातो. त्याला ॲनिमोनी (तो ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) लागतोच असं नाही, मुलीला आधीच सांगून ठेवा.

मृगबहार
सगळ्यांचे आभार. नॅनो रद्द. मीठ कालवायला फवारणीचा २०० लिटरचा ड्रम पडून आहे, घासूनपुसून घेतला तर चालेल ना?

धंतोलीवाला
त्यात बोर्डो मिश्रण केलंय का कधी?

मृगबहार
दरवर्षी.

धंतोलीवाला
मग हातही लावू नका. बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबं. प्लास्टिकला चिकटून राहिलेलं थोडंसं तांबंही गोगलगाय, कोळंबी आणि कोरलला मारायला पुरतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधंसुद्धा तांब्याचीच असतात, ती रीफमध्ये टाकायची नाहीत. खाद्यपदार्थाचा कोरा ड्रम आणा. पितळी कॉक आणि कूलरचा जुना पंपही नको. त्याचे स्क्रू गंजतात. कपाशीवर फवारून आलात तर हात साबणाने धुऊन, कपडे बदलून मगच टँककडे.

तेलंगखेडी
मासे मुंबईहून मागवणार असाल तर विदर्भ एक्सप्रेसने बडनेऱ्याला पहाटे पार्सल उतरवून घ्या. रात्रीचा प्रवास, थर्मोकोलचा डबा, पिशवीत ऑक्सिजन. एप्रिल-मेमध्ये मात्र मागवू नका. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी मिसळत मासा आत सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

दर्यापूरचा_भौ
टँक लागला का फोटो टाकजो भाऊ. माझे दोन कॅन अजून तयारच हाय.