हाडांच्या फौजेला रंगाचा एक हात पुरे, थरांचा हट्ट सोडा

कवटीवाला
'एज ऑफ सिग्मार' या छोट्या मूर्तींच्या (मिनींच्या) टेबलावरच्या युद्धखेळासाठी नवख्याने स्केलेटनची पेटी उघडली की त्याला सगळीकडून एकच पाढा ऐकू येतो: बेस (मूळ रंग), वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), लेयर (वरचे थर), हायलाइट (उंचवट्यांवरचा उजेड). हे जमल्याशिवाय पातळ, पारदर्शक अशा कॉन्ट्रास्ट रंगांना हात लावायचा नाही म्हणे. मला हे साफ नामंजूर आहे. त्या पेटीत हाडं, गंजकं लोखंड, लाकूड आणि फाटकं कापड याशिवाय असतं काय? आणि कॉन्ट्रास्ट सगळ्यात छान बसतो तो अशाच खडबडीत, खाचाखोचांच्या पृष्ठभागावर. बरगड्यांमधल्या खाचेत रंग जाड साचतो म्हणून गडद दिसतो, हाडाच्या उंचवट्यावर पातळ राहतो म्हणून फिकट. छाया आणि उजेड एकाच हातात मिळतात.

पद्धत सांगतो. रेथबोन या हाडाच्या रंगाच्या स्प्रेचं अस्तर (प्रायमर) द्या. ते पूर्ण वाळल्यावर सगळ्या हाडांना स्केलेटन होर्ड हा कॉन्ट्रास्ट रंग, डबीतून काढला तसाच, पाणी न घालता. एका वेळी एकच भाग घ्यायचा: आधी कवटी, मग बरगड्या, मग हातपाय. ब्रश भरलेला हवा, पण टपकणारा नको. मिनिटभरात मिनी पुन्हा उचलून बघायची. डोळ्यांच्या खोबणीत, हनुवटीखाली आणि पायाच्या बोटांमध्ये रंगाचं डबकं झालेलं असतं. स्वच्छ, ओलसर ब्रशचं टोक त्यात नुसतं टेकवलं तरी जास्तीचा रंग वर ओढला जातो. अर्ध्या तासाने कवटी, खांदे आणि गुडघ्यांवर स्क्रीमिंग स्कल या फिकट रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ पुसलेला ब्रश उंचवट्यांवर घासायचा). दांड्यांना वाइल्डवुड, चामड्याला स्नेकबाइट लेदर. पात्यांना लेडबेल्चर (लोखंडी रंग), वरून न्युल्न ऑइल (काळा वॉश), आणि धारेजवळ रायझा रस्ट (गंजाचा नारिंगी) कोरड्या ब्रशने. फौज तयार. टेबलावर मिनी हातभर लांबूनच दिसते, तिथे चौथा थर कोण मोजतंय?

थरावर_थर
पाढ्याला नावं ठेवायच्या आधी त्याच पेटीतल्या ढाली बघा. सपाट भागावर कॉन्ट्रास्टला साचायला खाचच नसते. काठाजवळचं पाणी आधी उडतं, त्याची जागा घ्यायला मधलं पाणी तिकडे सरकतं आणि रंगकण बरोबर घेऊन जातं. वाळल्यावर मध्ये फिकट चट्टा आणि कडेला गडद कडी. ढाल, झग्याचा पाठचा भाग, चिलखताचे पत्रे, घोड्याची झूल, सगळीकडे हीच गत. दुसरा हात दिलात की रंग गडद होतो, पण कडी आहे तिथेच राहते.

आणि थरांना फार वेळ लागतो ही नुसती ओरड आहे. हाडांना झँड्री डस्ट, दोन भाग रंगाला एक भाग पाणी, असे दोन पातळ हात. त्यावर अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड हा तपकिरी वॉश. तो वाळला की खाचा सोडून उशाब्ती बोन, आणि फक्त कवटीची भुवई, गालाची हाडं आणि बोटांची पेरं स्क्रीमिंग स्कलने. दहाची तुकडी रांगेत लावून काम केलं की दहाव्याला रंग लावेपर्यंत पहिला वाळलेला असतो, म्हणजे वाट बघण्यात वेळ जातच नाही. शिवाय उजेड कुठे पाडायचा ते तुम्ही ठरवता, गुरुत्वाकर्षण नाही.

कवटीवाला
ढाली कॉन्ट्रास्टने रंगवा असं मी कुठे म्हणालो? ढालीला साधा बेस रंग द्या, कडेने एक रेघ ओढा, विषय संपला. एका मिनीवर ढालीची जागा किती आणि हाडांची किती, ते बघा की.

थरावर_थर
म्हणजे बेस आणि कडेची रेघ यायला हवीच. तोच तर पाढा आहे.

कोकणी_ऑर्क
तुम्ही दोघंही स्प्रेचा डबा हलवून मोकळे झालात. जुलैत मुंबईत आणि आमच्या कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत स्प्रे मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतली वाफ धरते आणि अस्तर खरखरीत किंवा पांढुरकं होऊन बसतं. अशा अस्तरावर कॉन्ट्रास्ट वाहतच नाही, जिथे टेकवाल तिथे टिपकागदासारखा शोषला जातो आणि डाग पडतात. साध्या थरांच्या रंगाला निदान ते झाकता येतं. एका हाताच्या पद्धतीत अस्तर म्हणजेच अर्धा रंग, कारण वरचा रंग पारदर्शक आहे. मोल्डची शिवण (साच्याच्या जोडाची रेघ) खरवडायची राहिली असेल तरी ती काळी रेघ होऊन वर येते. मांडीच्या हाडावर आणि कवटीच्या माथ्यावर तर हमखास. प्राइम करण्याआधी चाकूच्या पाठीने खरवडा, पात्याच्या धारेने नको, धार प्लास्टिकमध्ये रुतते.

पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. वालेहो कंपनीचा पॉलियुरेथेन प्रायमर पाणी न घालता, मऊ ब्रशने, दोन पातळ हात. २४ तास थांबायचं म्हणजे थांबायचं. वरवर वाळलेला दिसतो, पण घाई केली की नखाने पापुद्रा निघतो. त्यावर डबीतल्या रेथबोनचा पातळ हात. तरीही पृष्ठभाग फार मॅट वाटला तर सॅटिन वॉर्निशचा एक हात देऊन मगच कॉन्ट्रास्ट, म्हणजे तो खाचांकडे सरकतो. आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना स्प्रेचे डबे आणायला सांगू नका, विमानात चालत नाहीत.

कवटीवाला
अस्तराचं मान्य. पण हा पावसाचा दोष झाला, पद्धतीचा नव्हे.

शून्य_नंबर
रेथबोनची सक्ती कशाला? स्लॅपचॉप करा. काळं अस्तर, त्यावर राखाडीचा भरघोस ड्रायब्रश, मग वरून पांढऱ्याचा हलका, आणि शेवटी कॉन्ट्रास्ट. काळं अस्तर हार्डवेअरच्या दुकानातलंही चालतं, फक्त आधी स्प्रूच्या (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर मारून बघा. काही गाड्यांच्या स्प्रेमधला द्रावक पॉलिस्टायरीनचे बारकावे विरघळवतो. २५ सेंटिमीटरवरून, झटकन, अर्धवट हात मारत जायचं. मेकअपचा गोल ब्रश घ्या, सिटाडेल ब्रँडच्या ड्रायब्रशपेक्षा स्वस्त आणि मऊ.

थरावर_थर
स्लॅपचॉपवर पिवळा लावून दाखवा. आयँडन यलो काळ्यावर गेला की शेवाळी हिरवट दिसतो आणि लाल विटकरी होतो. शिवाय ड्रायब्रशच्या खडूसारख्या कणांचा पोत पारदर्शक रंगाखालून जसाच्या तसा दिसतो. हाडांवर खपून जाईल, व्हॅम्पायरच्या चेहऱ्यावर नाही.

शून्य_नंबर
कण दिसतात कारण रंग पुरेसा पुसलेला नसतो किंवा डबीतला घट्ट झालेला असतो. ब्रश किचन टॉवेलवर नव्हे, टेक्स्चर असलेल्या फळीवर घासा. टॉवेल रंगातलं पाणी ओढून घेतो, उरते ती भुकटी. ब्रश किंचित ओलसर ठेवलात तर ड्रायब्रश गुळगुळीत येतो. पिवळ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे आधी पांढरा पातळ हात देतो.

२५_मिमी
एक व्यवहाराचा मुद्दा कोणीच काढला नाही: हाताळणी. खेळताना स्केलेटन भाल्याला आणि कवटीला धरूनच उचलले जातात. कॉन्ट्रास्टचा थर उंचवट्यांवर सगळ्यात पातळ, आणि बोट लागतं तिथेच. वॉर्निश नसेल तर काही खेळांत कवटीचा माथा रेथबोन दिसायला लागतो. आणि ब्रँड बघून वापरा. आर्मी पेंटर कंपनीचे २०२२ चे पहिले स्पीडपेंट (कॉन्ट्रास्टसारखेच रंग) वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा सुटायचे, वरून हायलाइट मारला की खालचा रंग वर येऊन गढूळ व्हायचा. २०२३ च्या २.० आवृत्तीत ते सुधारलं. कोणाकडे जुना संच पडून असेल तर वरचं काम करण्याआधी वॉर्निशचा हात द्या, तोही स्प्रेनेच. ब्रशने दिलात तर तोच ब्रश रंग सोडवतो.

कवटीवाला
वॉर्निश काय थरांच्या मिनीला लागत नाही? धातूच्या जुन्या मिनीवरचा कुठलाही रंग टोकांवरून उडतोच.

२५_मिमी
लागतं. पण थरवाल्या मिनीवर खरचटलं की त्याच डबीतला रंग टेकवून भागतं. तुमच्याकडे आधी रेथबोन, मग स्केलेटन होर्ड, आणि ठिगळाच्या कडेला गडद रेघ.

कवटीवाला
ठिगळ दिसतं कारण लोक डागापुरतंच रंगवतात. ठिगळाची हद्द नैसर्गिक कडेला नेऊन संपवायची. कवटीवर डाग पडला तर जबड्यापर्यंत पूर्ण कवटी रेथबोनच्या दोन पातळ हातांनी झाकायची, वाळू द्यायची, आणि पूर्ण कवटीला पुन्हा कॉन्ट्रास्ट. शेजारच्या कापडावर ओघळ गेला असेल तर तो ओला असतानाच पाण्याच्या ब्रशने उचला. वाळल्यावर घासत बसलात तर चट्टा वाढतो. आणि फिकट हवा असेल तर कॉन्ट्रास्ट मीडियम घाला, पाणी नको. पाण्याने पातळ केला की त्याची खाचेकडे जायची आणि उंचवट्यावर टिकायची ताकदच जाते, उरतो तो फिकट वॉश.

थरावर_थर
ही माहिती उत्तम आहे, आणि यातच माझा मुद्दा आहे. कडेपर्यंत रंग नेणं, दोन पातळ हात देणं, ब्रशच्या टोकावर ताबा, हे सगळं ज्याला येतं त्यालाच कॉन्ट्रास्ट दुरुस्त करता येतो. नवख्याला तुम्ही दुरुस्ती न शिकवता शॉर्टकट देताय. मग त्याला पहिला नायक रंगवायचा असतो, व्हॅम्पायर किंवा वाइट किंग (सांगाड्यांचा सरदार), आणि हात चालत नाही.

कवटीवाला
आणि तुम्ही त्याला साठ हाडांच्या फौजेवर चार थर शिकवताय. तिसऱ्या तुकडीला तो राखाडी प्लास्टिकच घेऊन खेळायला येतो. 'फॉर्टी के' (वॉरहॅमर ४०,०००) या भावंड खेळाच्या स्पर्धांत बॅटल रेडी फौजेला १०० पैकी १० गुण नुसते रंगासाठी मिळतात. मुख्य भाग रंगवलेले आणि मिनीच्या पायाखालचा बेस सजवलेला, एवढंच मागतात, ब्लेंडिंग नाही. गोल्डन डेमन या रंगकामाच्या स्पर्धेला उतरायचं असेल तेव्हा जरूर थर चढवा.

नाशिकचा_नेक्रोमॅन्सर
बेसचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. चाळलेली वाळू फेविकॉलने बेसवर चिकटवताना फेविकॉलमध्ये थोडं पाणी घाला, आणि वाळल्यावर वरून पातळ फेविकॉलचा आणखी एक हात द्या, नाहीतर ड्रायब्रश करताना कण सुटून थेट हाडांच्या ओल्या रंगात येतात. वाळू प्राइम करण्याआधी लावली तर उत्तम. बेसची कड सगळ्या तुकडीला एकाच रंगाची, शक्यतो काळी. आळशी रंगकामही नीटनेटकं दिसतं ते या कडेमुळे. थरवाले आणि एकहाती, दोघांनाही लागू.

थरावर_थर
कडेचं शंभर टक्के. बाकी माझं मत तेच: दहातले आठ कॉन्ट्रास्टने करा, उरलेले दोन माझ्या पद्धतीने, आणि त्यातला एक ढालवाला घ्या.

कवटीवाला
दोन जास्त होतात. एक. आणि तो तुकडीचा चॅम्पियन, कारण त्याच्याकडेच लोक वाकून बघतात.

कोकणी_ऑर्क
वॉर्निशचं राहून गेलं. मॅट स्प्रे कमीत कमी दोन मिनिटं हलवा. मॅट करणारी भुकटी तळाशी बसते, न हलवता मारलात तर हाडांवर पांढरी साय येते, आणि दमट हवेत हलवूनही येऊ शकते. आलीच तर फेकू नका, वरून ग्लॉसचा एक हात द्या, बऱ्याचदा साय नाहीशी होते. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. पावसाळा संपेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर ब्रशने लावायचं अल्ट्रा मॅट घ्या, पातळ हात, आणि बरगड्यांमध्ये साचू देऊ नका, तिथे ते दुधाळ वाळतं.