तुलूजहून गाड्या नसलेले ग्रॅव्हल (खडी-मातीचे) रूट कुठले? आम्ही दोघं सोलापूरहून येतोय

पहाटे_पाचला
नमस्कार मंडळी. मेमध्ये तीन आठवडे फ्रान्सला जातोय, ताई-दाजी तुलूजला असतात. मी आणि बायको दोघंही सायकल चालवतो, रविवारी पहाटे पाचला निघून हिप्परगा तलाव नाहीतर उजनीच्या कॅनॉलकडेच्या मुरमाच्या रस्त्यानं ४०-५० किमी होतात. पण दिवाळीनंतर हायवेवर एका ट्रेलरनं हिला इतकं चिकटून ओव्हरटेक केलं की हँडलच्या टोकाची टोपी घासून गेली. पडली नाही, पण तेव्हापासून मागून इंजिनचा आवाज आला की ही सायकलवरून उतरून उभीच राहते. म्हणून मला असा रूट पाहिजे जिथं गाड्या कमी नाही तर गाड्याच नाहीत, आणि डांबरी नसला तर उत्तमच, कच्च्या रस्त्याची सवय आहे. ॲपवर बघितलं तर सगळीकडं हिरव्या रेघा दिसतात, त्यातल्या खऱ्या कुठल्या काय कळेना. पाच-सहा दिवस, रोज ५०-६० किमी, सामान सायकलवर. कोणी गेलंय का?

भीमाकाठचा
दादा तुम्ही तुलूजला चाललाय म्हणजे अर्धं काम झालंच. कॅनाल द्यू मिदी तुलूजमधूनच सुटतो, तिथून भूमध्य समुद्राच्या बाजूच्या खाडीपर्यंत २४० किमी. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसानं १६६६ ला काम काढलं, १६८१ ला पाणी सुरू, आणि कडेची वाट ही बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली, त्यामुळं जवळजवळ सपाट. आपल्या कॅनॉलचा सर्व्हिस रोड डोळ्यापुढं आणा, फक्त ट्रॅक्टर नाही, आणि दर थोड्या अंतरावर लॉक, म्हणजे बोटी वर-खाली न्यायचा दरवाजेवाला हौद, आणि लॉक सांभाळणाऱ्याचं छोटं घर. लॉकच्या भिंती अंड्यासारख्या फुगीर आहेत बरं का, मातीचा दाब सोसायला, तिथं जरूर थांबून बघा.

पण एक सांगतो, सगळा कॅनॉल सारखा नाहीये. तुलूज ते पोर-लोरागे साधारण ५० किमी चांगला डांबरी, शहरातली लोकं, पोरंबाळं, पळणारे सगळे तिथंच. पुढं मुरूम आणि माती, आणि वाटेतल्या कार्कासोन शहराच्या पुढं तर बऱ्याच ठिकाणी एक सायकल जाईल एवढीच वाट, झाडांची मुळं वर आलेली, सामान असलं की मनगटं बोलायला लागतात. मी ३८ मिमी रुंद टायर घेऊन गेलो होतो, परत गेलो तर ४५ शिवाय जाणार नाही. आणि सावलीचे फोटो बघून जाऊ नका, तिथं कडेनं लावलेल्या 'प्लेन' जातीच्या मोठ्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, कॅनॉलवर २००६ ला सापडला, औषध नाही म्हणून रांगाच्या रांगा तोडल्या, काही ठिकाणी तासभर उघडं ऊन. नवीन झाडं लावलीत पण ती अजून लहान आहेत. बघून जीव हळहळतो हो.

नाउरूझला मात्र अर्धा तास काढाच. कॅनॉलचा सगळ्यात उंच भाग तो. डोंगरातून पाटानं आणलेलं पाणी तिथं दोन वाटांनी जातं, एक अटलांटिककडं, एक भूमध्यकडं. त्या पाटाच्या कडेनंसुद्धा झाडीतून मातीची वाट आहे, रिगोल म्हणतात, तुम्हाला ग्रॅव्हलच पाहिजे तर मला मुख्य कॅनॉलपेक्षा तीच जास्त आवडली.

नांतवाली_ताई
मी मूळची पंढरपूरची, इकडं पश्चिम फ्रान्समध्ये नांतला बरीच वर्षं आहे. हिरव्या रेघांचं सांगते. इथं 'व्हेलो रूट' म्हटलं की त्यात गावातले साधे रस्तेही धरतात, गाड्या कमी पण असतात. 'व्हुआ व्हेर्त' म्हटलं तरच इंजिनवाल्यांना बंदी, फक्त सायकल, चालणारे, कुठं कुठं घोडे. लुआर नदीचा रूट एवढा प्रसिद्ध पण त्यात साध्या रस्त्याचे तुकडे भरपूर आहेत, वहिनींसाठी मी तो सुचवणार नाही. व्हुआ व्हेर्त शोधताना दोनच गोष्टी बघा, जुना रेल्वेमार्ग किंवा कॅनॉल. आपली बार्शी लाइट ब्रॉडगेज झाली, इथं असे कितीतरी छोटे मार्ग बंद पडले तेव्हा रूळ उचलून त्याच पट्ट्यावर सायकलींची वाट केली. आगगाडीला खडा चढ चढता येत नाही म्हणून पाय कधी भरून येत नाहीत.

तुमच्यासाठी माझ्या डोक्यात हे बसतं: तुलूजहून लोकल ट्रेननं माझामे, तिथून पासा पाई नावाची वाट, बेदारियूपर्यंत साधारण ८० किमी, सगळी जुन्या रेल्वेवर, बरीचशी बारीक खडीची. आधी हळूहळू चढ, मग लांब उतार, बोगदे, दरीवरचे पूल. दोन दिवस आरामात काढा. बेदारियूहून ट्रेननं बेझिए, आणि बेझिएहून कॅनॉलनं उलटं तुलूजकडं सुमारे २०० किमी. बेझिएत फोंसेरानची लॉकची पायरी-पायरी रांग बघायला मिळते, बोटी जिना चढतात अक्षरशः. बेदारियूकडच्या गाड्या मोजक्याच, तेवढी वेळ आधी बघून ठेवा.

अजून एक, माझा जीव ज्या वाटेत आहे ती नांत-ब्रेस्ट कॅनॉलची, साधारण ३६० किमी, जवळपास सगळी पाण्याकाठच्या दाबलेल्या खडीची. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमारानं ब्रेस्ट बंदराची कोंडी केली तेव्हा आतून माल न्यायला काढलेला. पुढं १९३० पर्यंत गेर्लेदांचं धरण झालं आणि कॅनॉलचा तुकडा लॉकसकट पाण्याखाली गेला, उजनीत गेलेली गावं आठवतात मला तिथं गेलं की. पण तुलूजहून लांब पडेल, आणि टीजीव्हीत (लांब पल्ल्याच्या वेगवान ट्रेनमध्ये) सायकलची जागा आधी बुक करावी लागते, मिळेलच असं नाही. लोकलमध्ये तो त्रास कमी.

स्पोक_की
सायकलीचं मी बोलतो. ट्यूबलेस टायरच न्या, भोक आतून बुजवणारं सीलंट ताजं भरा. इथं बाभळीचे काटे तसे तिथं दक्षिणेत भूमध्याच्या बाजूला सराटे, हो तेच आपल्या शेतातले सराटे. लोरागे, म्हणजे तुलूजच्या पुढचा भाग, तिथली माती चिकणमाती आहे, पाऊस झाला की आपल्या काळ्या रानासारखी टायरला बसते, फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) भरते आणि चाक फिरायचं थांबतं. त्या दिवशी हट्ट करू नका, खोलीवर थांबा. फोर्कमध्ये दोन्ही बाजूला बोटभर जागा राहील एवढंच जाड टायर घाला. आणि व्हुआ व्हेर्तवर क्रॉसिंगला गाड्या येऊ नयेत म्हणून आडवे दांडे असतात, रुंद पॅनियर (चाकाच्या बाजूंना लटकवायच्या बॅगा) अडकतात, मागची बॅग काढून पुन्हा लावायला वैताग येतो, त्यापेक्षा सीटमागची लांब बॅग बरी.

पहाटे_पाचला
ताई, तुमचा माझामे-बेदारियू-बेझिए-कॅनॉल प्लॅन हिला वाचून दाखवला, मधेच थांबवून म्हणाली क्रॉसिंग किती येतात ते विचार. आणि पाण्याचं, खाण्याचं काय? शाकाहारी आहोत. कडक भाकरी न् शेंगाचटणी घेणारच आहोत.

नांतवाली_ताई
क्रॉसिंग येतात दादा, पण बहुतेक शेताकडं जाणारे छोटे रस्ते, दांड्यापाशी थांबून उतरून ओलांडायचे. खरी गर्दी शहरात शिरताना लागते, बेझिए स्टेशन ते कॅनॉल हा तुकडा सायकल हातात धरून चालत करा, वहिनींचं टेन्शन तिथंच जाईल.

पाण्यासाठी गावाबाहेरची दफनभूमी शोधा. फुलांना पाणी घालायला नळ असतो तिथं, सायकलवाले सगळे तिथंच बाटल्या भरतात. फक्त 'नॉन पोताब्ल' असं लिहिलेलं असेल तर ते प्यायचं नाही. आत गेल्यावर आवाज करायचा नाही, गेट परत लावायचं. जेवण दुपारी बारा ते दोन, दोन वाजून गेले की स्वयंपाकघर बंद, कितीही विनवा. सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. १ मे ला तर सगळंच बंद आणि ट्रेन कमी, त्या दिवशी निघू नका. भाकरी-चटणी आणा की, पण तूप-खव्याचं काही आणू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

भीमाकाठचा
आणि परतताना कॅनॉलवर तोंड पश्चिमेला असणार तुमचं, कार्कासोनच्या बाजूला समोरून वारा लागला तर लई लागतो. ते तीन दिवस ५० च्या वर ठरवू नका.

पहाटे_पाचला
४० धरलेत. ४५ ची टायर उद्या टाकतो, आणि येत्या रविवारी भरलेल्या बॅगा लावून दोघं कॅनॉलकडनं जाऊन येतो. ही आत्ताच विचारतीय दफनभूमीच्या नळाला वरून दाबायचं बटण असतं का फिरवायचा असतो.