दाब कमी करण्याआधी घुसमट कशाची आहे ते पाहावे

खानापूरच्या सदस्यांनी विचारले आहे की सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावताच वडिलांना घुसमटते, तर यंत्राचा कमाल दाब उतरवावा का. माझे मत स्पष्टपणे ‘नको’ असे आहे, कारण झोपेत घसा मिटू न देण्याचे काम तोच दाब करतो. आपोआप दाब बदलणाऱ्या यंत्रात किमान दाब पुष्कळदा ४ सेंटिमीटरवरच (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) ठेवलेला असतो आणि अनेक प्रौढांना तेवढी हवा अपुरी वाटते. त्यामुळे घुसमट कमी दाबाचीही असू शकते, आणि डॉक्टरांना विचारून किमान दाब ६ च्या आसपास नेल्यास बरेचदा आराम पडतो. श्वास सोडताना अडत असेल, तर त्या वेळेपुरता दाब १ ते ३ सेंटिमीटरने उतरवणारी सोय सुरू करून घ्यावी.

मास्कचे पट्टे मात्र आडवे झोपून, यंत्र चालू ठेवूनच बसवावेत. बसून आवळलेला मास्क कुशीवर वळताच नाकाच्या दांड्यापाशी हवा सोडू लागतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी गारठ्यात ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या भागाची) पातळी जास्त ठेवल्यास नळीत पाणी साचते, तेव्हा ती थोडी उतरवावी. बेळगावला तपासणीला जाताना यंत्राचे नोंदी साठवणारे कार्ड सोबत न्यावे, म्हणजे एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा) ५ च्या खाली आहे की नाही हे डॉक्टरांना पाहता येईल.