आयर्लंडला शिकायला जाताना अमेरिकन पोरांचे सल्ले आपल्याला कितपत लागू?

हरिपूर_घाट (सांगली):
भाची सप्टेंबरात कॉर्कला एम.एस्सी.साठी चाललीय. व्हिसा झाला. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून एका आयरिश कुटुंबाच्या घरात खोली ठरतेय. घरात कोणीच तिकडं गेलेलं नाही. नेटवर रोजच्या जगण्याबद्दल शोधावं तर निम्म्याहून जास्त अमेरिकन विद्यार्थ्यांनी लिहिलेलं सापडतं: गाड्या डाव्या बाजूनं चालतात, फ्रिज केवढासा, कपडे दोरीवर वाळवावे लागतात. आता यात आपल्याला नवीन ते काय? आपल्या पोरीला खरं अडेल कुठं ते सांगा. आंघोळीचं पाणी, स्वयंपाक, सामानात काय न्यावं, त्या लोकांशी बोलायचं कसं. ताई कंदी पेढे आणि दोन किलो तूप बांधायला बसलीय, तेही चालेल का सांगा.

पोवई_नाका (सातारा):
बरोबर पकडलंत. ज्यावर अमेरिकन पोरं पानं भरतात, ते बरंचसं आपल्या घरातलंच आहे. प्लगशेजारी बटण असतं, वीज २३० व्होल्ट. अमेरिकेचा १२० व्होल्टचा हेअर ड्रायर तिथं लावला की जळतो, आपला मिक्सर मात्र नीट चालतो. फक्त पिना वेगळ्या. आपल्या गोल, तिथं तीन चपट्या चौकोनी. फ्यूजवाले दोन चांगले अ‍ॅडॅप्टर इथूनच घ्या.

खरी परीक्षा गरम पाण्याची. जुन्या घरांत तांब्याची उभी टाकी असते, तिला 'इमर्शन' म्हणतात. ती ज्या कपाटात असते ते 'हॉट प्रेस' (कपाटाला ते लोक 'प्रेस' म्हणतात, इस्त्रीशी काही संबंध नाही). टाकीला दोन बटणं: एक चालू-बंद आणि दुसऱ्यावर 'सिंक' आणि 'बाथ'. 'सिंक'वर वरची आखूड कॉइल तापते आणि टाकीतलं वरचंच पाणी गरम होतं. भांडी, हातपाय यांना तेवढं पुरतं. 'बाथ'वर लांब कॉइल तळापर्यंत सगळी टाकी तापवते, तासाला साधारण तीन युनिट जातात. इमर्शन चालू ठेवून बाहेर जाणं हा त्या घरांतला मोठा गुन्हा, चप्पल घालून देवघरात जाण्यासारखा. पहिल्याच दिवशी मालकिणीला विचारायचं: इमर्शन किती वाजता लावायचं, किती वेळ, आणि बंद कोण करणार.

इलेक्ट्रिक शॉवर असेल तर तो टाकीवर चालत नाही, पाणी आत जाता जाता तापवतो. त्याची दोरी छताला लोंबते किंवा बटण दाराबाहेर असतं. दोरी ओढून लाल दिवा लागल्याशिवाय पाणी गारच येणार, आणि नवीन माणूस शॉवर बिघडलाय म्हणून बसतो. नळ जास्त सोडला की पाणी कोमट होतं, कारण तेवढ्या पाण्याला तापायला वेळच मिळत नाही. कढत हवं तर धार कमी करा. न्हाणीघरात साधा सॉकेट नसतो, बादली-तांब्याही नसतो. ते तिथं घेता येतं.

कपड्यांचं बोलायचं तर दोरी आपल्याला नवीन नाही, हवा नवीन आहे. डब्लिनला वर्षाला सुमारे ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरच्या मानानं काहीच नाही. पण तो थोडाथोडा, किती दिवस पडत राहतो विचारू नका, आणि कॉर्कला डब्लिनपेक्षा जास्तच. खोलीत कपडे वाळत घातले की खिडकीच्या काचेवर पाणी धरतं आणि महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी. खिडकीच्या वरची हवेची फट बंद करायची नाही, कपडे वाळत असताना दार लावून खिडकी थोडी उघडी ठेवायची, हीटरवर जाड कपडे पसरायचे नाहीत. वारं सुटलं की आयरिश माणूस 'ग्रेट ड्राइंग' म्हणून खूश होतो, त्या दिवशी चादरी काढायच्या. छत्री नेऊच नका, वाऱ्यानं उलटी होते. टोपीवालं पावसाळी जाकीट न्या.

गणपती_पेठ (सांगली):
पेढे आणि तूप दोन्ही काढून ठेवा. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि खवा म्हणजे दूधच. दुबई किंवा दोहावरून गेली तरी उतरणार आयर्लंडलाच, नियम तोच. पनीर, दूध पावडर, बासुंदी, सगळं यात आलं. ताजी फळं-भाज्याही रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय नाहीत (नारळ, केळी, खजूर, अननस आणि डुरियन तेवढे सुटलेत). कढीपत्त्याची जुडी तर अजिबात नको.

भडंग, हळद, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तासगावचा बेदाणा खुशाल न्या. सीलबंद आणि नाव छापलेलं असावं, घरच्या पुरचुंडीत काय आहे ते अधिकाऱ्याला समजावत बसावं लागतं.

तूप तिथं घरी कढवता येतं, लोणी तर आयर्लंडचं नावाजलेलं. पण दुकानातलं बहुतेक लोणी खारट असतं. वेष्टनावर 'अनसॉल्टेड' बघूनच घ्यायचं, नाहीतर मीठ बेरीत साचतं, बेरी खाण्याजोगी राहत नाही. ४५४ ग्रॅमच्या वडीतून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं.

पिठात फसगत ठरलेली. 'सेल्फ रेझिंग'मध्ये बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, तिची पोळी लाटली की बिस्कीट होतं. 'प्लेन' म्हणजे मैदा. 'कोर्स होलमील' त्यांच्या सोडा ब्रेडसाठी, त्यात कोंडा एवढा की पोळी कडेनं फाटते. भारतीय किंवा पाकिस्तानी दुकानातला 'आटा'च घ्यायचा. ज्वारीचं पीठ अशा दुकानांत मिळालं तरी बऱ्याचदा जुनं असतं, विरी गेलेली, भाकरी थापताना तुटते. पिठाची उकड काढली तर जमतं. नाहीतर घरचं ताजं दळण दोन किलो, सीलबंद करून नाव लावून, न्यावं आणि फ्रिजमध्ये ठेवून पुरवून वापरावं.

शेगडी बहुधा काचेची, कधी इंडक्शन. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. तळाला लोहचुंबक चिकटतो का बघा आणि तसाच स्टीलचा तीन लिटरचा घ्या. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट लावायचा आणि स्वयंपाकघराचं दार बंद करायचं. मिरचीचा ठसका छतावरच्या धुराच्या अलार्मपर्यंत गेला की सगळं घर जागं. आणि आपली हळद मालकिणीच्या पांढऱ्या ओट्यावर सांडली तर लगेच पुसा, डाग बसला की डिपॉझिटचा विषय निघतो.

बाटल्यांचंही लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पत्र्याच्या डब्यावर (कॅन) ५०० मिलिलिटरपर्यंत १५ सेंट, त्याहून मोठ्याला २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या मशिनमध्ये परत टाकली की पावती मिळते. बाटली चेपायची नाही आणि लेबल काढायचं नाही, मशिन बारकोड वाचतं.

माहुली_संगम (सातारा):
बोलण्यातच सगळ्यात जास्त गंमत आहे, आणि इथं अमेरिकन पोरं धडपडतात, आपली कमी. आयरिश लोक सरळ 'नाही' क्वचितच म्हणतात. 'आय विल, येह' असं ओढून म्हटलं तर बहुतेक वेळा अर्थ 'वाट बघ'. 'येतो की, बघू' याची सवय असलेल्याला हे सांगावं लागत नाही. चहा विचारला की पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'राहू द्या हो', तिसऱ्यांदा घ्यायचा. अमेरिकन माणूस पहिलं 'नको' खरं मानून बसतो. तिनंही विचारताना दोनदा तरी विचारावं. जाकीट छान आहे म्हटलं तर 'पेनीजमधून घेतलं, पंधरा युरोला' असं उत्तर येतं (पेनीज म्हणजे स्वस्त कपड्यांचं दुकान). स्वतःची स्तुती झटकून टाकायची हीच तिथली रीत.

काही शब्द मात्र शिकूनच जावेत. 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा. 'ग्रँड' म्हणजे भव्य नाही, नुसतं 'ठीक'. 'गिव्हिंग आऊट' म्हणजे रागावणं. 'युअर मॅन' म्हणजे तिचा नवरा नव्हे, 'तो अमका'. 'मिनरल्स' म्हणजे सोडा-कोला. 'आयम आफ्टर ईटिंग' म्हणजे आत्ताच जेवण झालंय. जाता जाता 'हाऊ आर यू' म्हणणारा तब्येत विचारत नाही, थांबू नये, तेच परत म्हणून पुढं जावं. स्वच्छतागृहावर काही ठिकाणी फक्त आयरिश लिहिलेलं असतं: 'फिर' पुरुषांचं, 'म्ना' बायकांचं. रोमन लिपीत 'एमएनए' बघून 'मॅन' वाचणारे बरेच. बसवर 'अन लार' दिसलं तर शहराचा मध्य. बस हात केल्याशिवाय थांबत नाही, उतरताना ड्रायव्हरला 'थँक्स' म्हणतात.

पबमध्ये राऊंडची पद्धत असते. एकजण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा. दारू प्यायलाच हवी असं नाही. पण राऊंडमध्ये शिरून आपली पाळी आल्यावर पळणं लक्षात राहतं. पहिल्या ग्लासाआधीच 'माझं मी घेते' म्हणून टाकावं, कोणी वाईट मानत नाही.

मार्कांचंही सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या निकालाला रडारड. ७० च्या वर म्हणजे तिथं प्रथम वर्ग, ६० ते ६९ चांगलं, उत्तीर्ण बहुधा ४० ला. इथं ८५ मिळवणाऱ्याला ६४ बघून धक्का बसतो. प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारतात, 'सर' म्हटलं तर तेच अवघडतात.

हरिपूर_घाट (सांगली):
लई उपयोगी, आभार. पेढे वाटून टाकले. आता दोन गोष्टी राहिल्या. खोलीचे पैसे आधी पाठवायचे का? आणि नोकरीचं काय, रात्रीचं डिलिव्हरीचं काम मिळतं म्हणे?

पोवई_नाका (सातारा):
डिलिव्हरीचं नाव काढू नका. तिला इमिग्रेशनचा शिक्का मिळेल तो 'स्टॅम्प टू', त्यावर कोणाकडे तरी नोकरी करता येते, स्वतःचा धंदा नाही. डिलिव्हरी अ‍ॅपवाले पोराला स्वतंत्र व्यावसायिक धरतात, म्हणून दुसऱ्याचं खातं भाड्यानं घेण्याचे प्रकार चालतात. तसं पकडलं तर परवान्यावर येतं. तास आठवड्याला २०. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४०. सरासरी काढत नाहीत, प्रत्येक आठवडा वेगळा मोजतात. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १३.५० युरो होतं.

पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत इमिग्रेशनची नोंदणी, फी ३०० युरो. नोकरीचं पत्र हातात आलं की पीपीएस नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) काढायचा, आणि तो आल्यावर रेव्हेन्यूच्या (तिथलं कर खातं) संकेतस्थळावर नोकरीची नोंद स्वतः करायची. हे राहिलं की 'इमर्जन्सी टॅक्स' लागतो, पीपीएसच नसेल तर सरळ ४० टक्के. नोंद झाल्यावर परत मिळतो, पण पहिला पगार हातात बघून पोरं घाबरतात.

मालकीण त्याच घरात राहते अशा खोलीला 'डिग्ज' म्हणतात. अशा खोलीला भाडेकरू कायद्याचं संरक्षण नसतं. म्हणून भाडं, डिपॉझिट, हीटर कधी लागणार, स्वयंपाकघर कधी वापरायचं, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे ईमेलवर लिहून घ्या. काही खोल्या सोमवार ते शुक्रवारच देतात, शनिवारी पोरीनं जायचं कुठं? हे आधी विचारा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवल्याशिवाय आणि घराचा एअरकोड (तिथला पिनकोड, प्रत्येक घराचा वेगळा) नकाशावर जुळल्याशिवाय पैसे नाहीत. कॉर्क शहराचा एअरकोड बहुतेक टी१२ किंवा टी२३ नं सुरू होतो.

माहुली_संगम (सातारा):
एक राहिलं. मैत्रिणी बेलफास्टला चल म्हणतील. अमेरिकन पासपोर्टवाली सहज जाते. बेलफास्ट उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत, भाचीच्या आयरिश व्हिसावर तिथं जाता येत नाही. सीमेवर फाटक नाही, कोणी विचारत नाही, म्हणून पोरं जातात. पण परतताना डब्लिनच्या बसमध्ये गार्डा (आयरिश पोलीस) चढून कागद बघतात. ब्रिटनचा वेगळा व्हिसा हातात आल्यावरच जाऊ दे.