अनुभव धागा : प्रोटेक्शन प्लॅन होता, फोन बदलून मिळाला का?

गेल्या महिन्यात आईच्या फोनच्या पडद्यावर एक हिरवी रेघ उगवली. वरच्या घड्याळापासून खालच्या बटणांपर्यंत, पट्टीने आखावी तशी. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता. रात्री अपडेट झाला आणि सकाळी रेघ. वॉरंटी संपून चार महिने झालेले, पण घेताना दुकानदाराने गळ्यात मारलेला प्लॅन होता : १,७९९ रुपये, वॉरंटी आणखी एक वर्ष पुढे. तेव्हा त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने फोन उलटापालटा केला, सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला, खालच्या कोपऱ्यातला तांदळाएवढा टवका बोटाने दाखवला आणि जॉबशीटवर टाइप केलं, 'फिजिकल डॅमेज'. माझा प्लॅन आतल्या बिघाडाचा, आदळआपटीचा नाही. म्हणजे ते दोन शब्द छापले गेले की विषय संपला. म्हटलं, अरे टवका कुठे आणि रेघ कुठे! तर म्हणे, मॅडम, सिस्टिममध्ये असंच येतं. पेन पुढे केलं. मी सही केली नाही. पाऊण तास हुज्जत घातली, मागची रांग माझ्यावर वैतागली, पण शेवटी 'पडद्यावर हिरवी रेघ, कोपऱ्यात जुना टवका, काच शाबूत' एवढं लिहून घेतलं आणि मगच सही केली. बारा दिवसांनी फोन आला, पडदा स्टॉकमध्ये नाही, सेट बदलून देतो.

तुमचं काय झालं ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच धागा भरकटतो. काउंटरवर काय बोलणं झालं ते मात्र लिहा.

चौथी_सीट

माझ्या प्लॅनमध्ये चोरीही होती. विरार लोकलला चढताना खिसा कापला. चौकीत गेलो तर साहेबांनी 'गहाळ झाल्याबाबत' असा कागद हातात दिला. मी येडा, शिक्का बघून खूश. कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी : गहाळ होणं प्लॅनमध्ये बसत नाही, चोरी बसते, एफआयआर पाठवा. पुन्हा चौकी. तिसऱ्या फेरीला कापलेल्या खिशाची पँटच पिशवीत घालून नेली. टेबलावर पसरली तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ लागलं. त्याच संध्याकाळी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून फोन ब्लॉक केला. त्यालाही पोलिसांचा कागद आणि बिल लागतंच.

२२ हजारांच्या फोनचे घसारा कापून साडेतेरा मिळाले. घसाऱ्याचा तक्ता प्लॅनच्या शेवटच्या पानावर होता म्हणे. मी शेवटचं पान कधी उघडलंय!

खमंग_काकडी

आम्ही प्लॅन घेत नाही. त्या पैशात जाड कव्हर, काच आणि उरलेल्याची मिसळ.

पंचगंगेकाठचा

माझं ऐका. बोअर चालू करायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला फोन थेट हौदात. बायको म्हणाली तांदळात ठेवा. दोन रात्री ठेवला. सेंटरवर गेलो, शहाणपणा करून सांगितलं, 'आपोआप बंद पडला.' त्या पोरीने चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून तांदळाची कणी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. 'काका, हे काय?'

आता काय बोलणार! सिमच्या खाचेतली पांढरी पट्टीही लालभडक झालेली, पाणी लागलं की ती रंग बदलते. पण पोरगी भली. म्हणाली, तुमच्या प्लॅनमध्ये पाणी बसतंय की, मग खोटं कशाला? खोटं लिहिलं तर त्यावरच क्लेम उडेल. मग खरं लिहिलं, हौद, तारीख, वेळ सगळं. फाइल चार्ज ७५० भरला, तीन आठवड्यांनी दुसरा सेट आला.

खरी मजा पुढे. सहा महिन्यांनी त्याचा स्पीकर गेला. सेंटरवर बिल दाखवलं तर म्हणे, हा फोन तुमचा नाहीच! बिलावर जुना आयएमईआय, हातात नवा. बदलून दिल्याचं पत्र कुणी दिलंच नव्हतं, आणि मागायचं असतं हे आम्हाला कुठलं ठाऊक. *#०६# दाबून पंधरा आकडे दाखवत बसलो. पत्र येईपर्यंत महिना गेला राव. त्यामुळं सेट हातात पडला की पहिलं तेवढं मागा.

एडिसनवाली

इकडे न्यू जर्सीत प्लॅनचे पैसे दर महिन्याच्या बिलातच जातात. बाबा आले होते, त्यांच्या हातून माझा फोन पार्किंगमध्ये पडला. मी कंपनीशी फोनवर दहा मिनिटं बोलले, डिडक्टिबल म्हणजे क्लेममधला आपला वाटा भरला, दुसऱ्या दिवशी दारात खोका. नवा नव्हे, दुरुस्त करून नवा केलेला. जुना त्याच खोक्यात घालून परत पाठवायचा असतो. पाठवला. तीन आठवड्यांनी बिलात भलीमोठी रक्कम! जुन्या फोनमधून माझं खातं काढायचं राहिलं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो लॉक झालेला म्हणजे परत न आलेला फोन. घरबसल्या कॉम्प्युटरवरून लॉक काढला, चार वेळा फोन केले, तेव्हा पैसे परत आले. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

निवृत्त_टंकलेखक

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं, आणि सेंटर म्हणे 'ग्राहकाने उघडला'. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मराठीत बोलता आलं. तक्रार क्रमांक मिळाला, आणि सहाव्या दिवशी कंपनीच्या वरच्या बाईंचा स्वतःहून फोन. पुढे जावं लागलं नाही, पण तयारी ठेवली होती. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची.

एक मात्र आधी पाहा. तुमचा कागद विमा कंपनीची पॉलिसी आहे की नुसता सेवेचा करार? पॉलिसी असेल तरच विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. दुकानदार दोन्हींना 'इन्शुरन्स'च म्हणतो.

धागाकर्ती

पंचगंगेकाठचा, तुमचं वाचून तशीच उठले आणि सेंटर गाठलं. मलाही पत्र दिलं नव्हतंच. तोच मुलगा होता, मला बघूनच त्याचा चेहरा पडला. म्हणाला, मॅडम, असं पत्र कुणी मागत नाही. परवा मेल आली, जुना आणि नवा दोन्ही क्रमांक आहेत. प्रिंट काढून जुन्या बिलाला टाचली.

आईला बदललेल्या फोनमध्ये भजनी मंडळाचा ग्रुप सापडत नाहीये, सकाळपासून तिसऱ्यांदा हाक आली. जाते.